जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: बडोद्यातल्या मराठी-गुजराती घरासाठी

विंडोज १० ची साथ मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला सोडली. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची एक वर्षाची मुदतवाढ घेता येते, तीही १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. मग विंडोज ११ टाकावं म्हटलं, तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर निदान आठव्या पिढीचा लागतो. दांडिया बाजार घ्या, रावपुरा घ्या नाहीतर मांजलपूर, मुलाच्या इंजिनिअरिंगच्या वेळी घेतलेला २०१४-१५ सालचा लॅपटॉप बऱ्याच घरांत कपाटावर पडलेला असतो. कीबोर्ड धड, स्क्रीन धड, फक्त विंडोज ११ च्या यादीत त्याचं नाव नाही. तो भंगारात घालायचं काही कारण नाही. लिनक्स मिंटवर, म्हणजे विंडोजच्या जागी बसणाऱ्या लिनक्सच्या एका फुकट रूपावर, तो अजून काही वर्षं सहज चालतो.

लिनक्स कसं बसवायचं हे सांगणाऱ्यांची नेटवर कमी नाही. पण त्यांच्या डोळ्यांसमोरचं घर एकाच भाषेत चालणारं असतं. आपल्याकडे घरात मराठी, सोसायटीची नोटीस गुजरातीत, गणपती मंडळाचं पत्रक दोन्हींत आणि बँकेचा अर्ज इंग्रजीत. त्यात वडिलांनी श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या फायली. लिनक्स बसवण्याचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे. माणसं वैतागून विंडोजवर परततात ती प्रिंटर, टायपिंग आणि जुने फॉन्ट या तीन कारणांनी. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. या तीन गोष्टी आधी पेनड्राइव्हवरूनच पडताळून घ्यायच्या, त्या जमल्या तरच डिस्कला हात लावायचा.

कोणी या वाटेला जाऊ नये

दुकानाचे हिशेब टॅलीत असतील तर तो संगणक विंडोजवरच राहू द्या. टॅलीप्राइम विंडोजसाठीच आहे. वाइन नावाच्या प्रोग्रॅमच्या आधारानं ते लिनक्सवर चालवून दाखवणारे भेटतील, पण महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचं रिटर्न अडकलं की त्यांचा फोन लागेलच असं नाही. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचंही तेच. ते लिनक्सवर चालवता येतं, पण टोकनचा ड्रायव्हर, ब्राउझर आणि पोर्टलचं सही करणारं सॉफ्टवेअर या तिघांचं एकमेकांशी पटवण्यात वेळ जातो. छपाईच्या धंद्यात असाल आणि हात कोरलड्रॉवर बसलेला असेल, तर इंकस्केपमध्ये ती फाइल उघडते खरी, मांडणी जशीच्या तशी येईल याची खात्री देता येत नाही.

पत्रव्यवहार, ईमेल, यूट्यूब, बँकेची साइट, झूम, फोटो, नातवंडांचा अभ्यास एवढाच वापर असेल तर बिनधास्त पुढे वाचा. व्हॉट्सॲप वेब ब्राउझरमध्ये पूर्वीसारखंच चालतं.

विंडोज चालू आहे तोवर

रॅम ४ जीबी असेल तर चालतं, ८ असेल तर निवांत चालतं. मिंटच्या कागदोपत्री किमान २ जीबी लिहिलेली आहे, पण आजकाल ब्राउझर एकटाच तेवढी खातो. लॅपटॉपमध्ये जुनी, फिरणारी हार्डडिस्क असेल तर २५६ जीबीची सॅटा एसएसडी बसवून घ्या. लिनक्समुळे वेग थोडा वाढतो, एसएसडीमुळे लॅपटॉप ओळखू येत नाही. यात दुसराही फायदा आहे. दुरुस्तीवाल्याकडून जुनी डिस्क आठवणीनं परत मागून घ्या आणि यूएसबीच्या केसमध्ये घाला. तुमचं अख्खं जुनं विंडोज, फायलींसकट, हातचं न जाता शिल्लक राहतं. लॅपटॉप उघडलाच आहे तर पंख्यातली धूळही काढायला सांगा. बडोद्याच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की धुळीनं तुंबलेला पंखा कुठल्याच सिस्टिमला धड चालू देत नाही.

डिस्क बदलणार नसाल तर कागदपत्रं, फोटो, डाउनलोड आणि डेस्कटॉप हे चार फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या. ती डिस्क लॅपटॉपच्याच कपाटात खाली ठेवू नका. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचं पाणी किती घरांत शिरलं हे बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. बॅकअप वरच्या मजल्यावर नाहीतर बहिणीच्या घरी.

फायलींबरोबर आणखी एक गोष्ट घ्यायची, जी जवळपास सगळे विसरतात: फॉन्ट. सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फोल्डरात फॉन्टचा वेगळा फोल्डर असतो. श्रीलिपी, आकृती, आयएसएम किंवा गुजरातीचे जुने फॉन्ट तुम्ही रीतसर घेतलेले असतील तर त्यांच्या फायली तिथून वेगळ्या काढून ठेवा. विंडोज एकदा पुसलं की वीस वर्षांपूर्वीच्या पत्रांत नुसतं अगम्य इंग्रजी दिसायला लागतं आणि मग तो फॉन्ट शोधत फिरावं लागतं.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप घालणारं साधन, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. विंडोजही ठेवायचं असेल तर पॉवरच्या सेटिंगमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू राहिलं तर विंडोज पुरतं बंद होत नाही आणि लिनक्सला त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

पेनड्राइव्ह तयार करणं

मिंटच्या अधिकृत साइटवरून २२ या मालिकेतली सर्वांत ताजी आवृत्ती उतरवा. ही मालिका उबुंटू २४.०४ वर आधारलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तीन रूपं दिसतील: सिनेमन, माटे आणि एक्सएफसीई. ४ जीबीच्या वर रॅम असेल तर सिनेमन घ्या, लॅपटॉप फारच थकलेला असेल तर एक्सएफसीई. यावर वाद घालणारे रात्र रात्र जागतात, तुम्ही जागू नका. विंडोजची सवय असलेल्याला सिनेमनमध्ये स्टार्टचा मेनू, खालची पट्टी, कोपऱ्यातलं घड्याळ सगळं जागच्या जागी सापडतं.

फाइल साधारण ३ जीबीची असते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे हे धरून चाला. बलेना एचर हा प्रोग्रॅम उघडायचा, फाइल निवडायची, पेनड्राइव्ह निवडायचा, फ्लॅश दाबायचं. काम झाल्यावर विंडोज लगेच विचारतं की ही डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? तिथे कॅन्सल दाबा. सवयीनं हो म्हटलंत की केलेलं सगळं पाण्यात.

आता लॅपटॉप बंद करून चालू करताना बूटचा मेनू, म्हणजे कुठून सुरू व्हायचं ती यादी, आणायचा. डेल आणि लेनोव्होमध्ये बहुधा एफ १२, एचपीमध्ये एफ ९, आसूसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप. एसरमध्येही एफ १२ च असतं, पण बऱ्याचदा ते आधी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावं लागतं. यादीतून पेनड्राइव्ह निवडा. स्क्रीन काळी पडून तशीच राहिली तर पुन्हा सुरू करून मेनूतला कंपॅटिबिलिटी मोड घ्या. सिक्युअर बूटमुळे, म्हणजे अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणाऱ्या सुरक्षेमुळे, अडलं तर बायोसमध्ये ते तात्पुरतं बंद करा, पण मिंटला सहसा तशी गरज पडत नाही.

डिस्कला हात न लावता परीक्षा

समोर मिंटचा डेस्कटॉप येतो. हे सगळं पेनड्राइव्हवरून रॅममध्ये चाललेलं आहे, आतलं विंडोज जागेवर शाबूत आहे. डेस्कटॉपवर इन्स्टॉलचा आयकॉन खुणावत असतो, त्याच्याकडे सध्या दुर्लक्ष करा.

आधी वायफाय. खालच्या कोपऱ्यात नेटवर्कची यादी आली तर प्रश्न मिटला. नाही आली तर बहुधा ब्रॉडकॉमची चिप आहे. घाबरायचं कारण नाही. फोन यूएसबी केबलनं जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट लगेच मिळतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडलात की तो चिप ओळखून ड्रायव्हर सुचवतो. याच वेळी एखादा व्हिडिओ लावून आवाज बघा, कॅमेरा बघा, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का तेही बघा.

मग प्रिंटर, आणि इथे थोडं सविस्तर. गेल्या काही वर्षांतला वायफायवाला प्रिंटर असेल तर काही बसवावं लागत नाही, तो आपोआप यादीत येतो. एप्सनच्या टाकीवाल्या प्रिंटरांना लिनक्सचा ड्रायव्हर आहे. एचपीचे जुने लेझर, म्हणजे १०२० किंवा पी ११०८ सारखे, चालतात, पण त्यांना एचपीचं वेगळं प्लगइन लागतं. ते एचपीच्या टूलबॉक्समधून उतरवून घ्यावं लागतं. तोवर प्रिंटर यादीत दिसतो आणि कागद मात्र बाहेर येत नाही, त्यामुळे माणूस केबलच हलवत बसतो. कॅननचा एलबीपी २९०० वकिलांच्या नि दलालांच्या टेबलांवर हमखास दिसतो. तो कॅप्ट नावाच्या वेगळ्याच पद्धतीनं बोलतो. लिनक्सवर त्याला चालवता येतं, पण ते नवख्याचं काम नाही. तुमच्याकडे तोच असेल तर दुसऱ्या एखाद्या विंडोज संगणकावरून छापायची सोय आहे का ते आधी बघा. नसेल तर माझा सल्ला असा की लिनक्स आणि हा प्रिंटर यांपैकी एकच काहीतरी निवडा.

मराठी आणि गुजराती टायपिंग

सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट्स. अधिकच्या चिन्हावर टिचकी मारून तीन लेआउट घ्या: रुपयाच्या चिन्हासह असलेलं भारतीय इंग्रजी, इन्स्क्रिप्टचं सुधारित मराठी आणि गुजराती. हिंदीसाठी वेगळं काही नको, लिपी एकच आहे. ऑप्शन्समध्ये लेआउट बदलायची कळ ठरवा. ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र ही जोडी हाताला सोपी पडते. तिन्ही लेआउट भारताचे असल्यामुळे खालच्या पट्टीवर झेंडा ठेवलात तर प्रत्येक वेळी तिरंगाच दिसतो आणि आपण कुठल्या भाषेत आहोत ते कळत नाही. झेंड्याऐवजी अक्षरं दाखवायला सांगा. रुपयाचं चिन्ह उजवीकडचा ऑल्ट आणि ४ दाबून येतं.

आता इन्स्क्रिप्ट शिकायचं की इंग्रजी स्पेलिंगनं मराठी लिहायचं? माणूस फक्त मराठी लिहीत असता तर मी म्हटलं असतं, जे जमेल ते करा. बडोद्यात मात्र मी इन्स्क्रिप्टचाच आग्रह धरतो. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात असलेली ही मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना एकच आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. मराठीत के ही कळ दाबली की क उमटतो, गुजराती लेआउट लावून तीच कळ दाबली की गुजराती क. मराठीत ‘बडोदे’ लिहायला वाय, मग चौकटी कंसाची पहिली कळ, मग ए, ओ आणि एस. लेआउट बदलून ह्याच पाच कळा दाबा, तेच शब्दरूप गुजराती लिपीत येतं. शिफ्टबरोबर एन दाबला की दोन्ही लिप्यांत ळ. एकदा हात बसला की एका कष्टात दोन भाषा.

मराठीपुरती एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची, ती म्हणजे ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्या. साधा र, मग हलन्त, मग य असं लिहिलंत तर य वर रफार चढतो आणि ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होतं. त्यासाठी साध्या र ऐवजी शिफ्टबरोबर जे दाबायचं, मग हलन्तासाठी डी, मग य साठी तिरक्या रेघेची कळ. कळपट्टीवर चिकटवायची देवनागरीची लेबलं मिळतात, पहिल्या आठवड्यापुरती बरी पडतात. पण ती खाली बघायची सवय लावतात. त्यापेक्षा मांडणीचं चित्र छापून स्क्रीनच्या कडेला लावा.

इंग्रजी अक्षरांनी लिहायचंच असेल, तर सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये इंग्रजीतून ‘आयबस एम१७एन’ शोधून ते बसवा. मग आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुट मेथडच्या टॅबवर मराठी निवडलं की फोनेटिक, आयट्रान्स असे पर्याय येतात. सुपर, म्हणजे विंडोजच्या चिन्हाची कळ, आणि स्पेस एकत्र दाबून भाषा बदलते. दोन्ही पद्धती एकाच वेळी चालू ठेवू नका. कळ कोणाची नि अक्षर कोणाचं असा घोळ सुरू होतो.

पत्रकाचा कागद बनवून बघा

परीक्षेचा शेवटचा भाग. मंडळाच्या पत्रकासारखा एक कागद लिब्रेऑफिस रायटरमध्ये, म्हणजे मिंटमधल्या वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये, करा, वर मराठी आणि खाली गुजराती. रायटरमध्ये नवखा माणूस इथेच अडकतो. फॉन्ट बदलतो, इंग्रजी बदलतं, मराठी ढिम्म. कारण लिब्रेऑफिस इंग्रजीचा फॉन्ट आणि आपल्या लिप्यांचा फॉन्ट वेगवेगळा धरतं, आकारसुद्धा वेगळा. टूल्स, ऑप्शन्स, त्यात भाषांचा विभाग उघडून कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटवर खूण करा आणि भाषा मराठी ठेवा. मग त्याच ऑप्शन्समध्ये रायटरच्या खाली कॉम्प्लेक्स लिप्यांसाठीचे मूळ फॉन्ट एकदाच ठरवून टाका.

कुठला फॉन्ट? देवनागरीत मुक्त आणि देखणे फॉन्ट आता भरपूर आहेत. माझी निवड एक टाइपचा मुक्ता, कारण त्याच घराण्यातला मुक्ता वाणी गुजरातीसाठी आहे आणि दोन्ही एका कागदावर शेजारी शोभतात. दुसरी जोडी हिंद आणि त्याच मालिकेतला गुजराती फॉन्ट, ज्याचं नावच हिंद वडोदरा आहे. आपल्या गावाच्या नावाचा फॉन्ट आपण वापरायचा नाही तर कोणी? दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. फाइल उघडून इन्स्टॉल दाबा, किंवा होम फोल्डरात टिंबानं सुरू होणारा फॉन्ट्स नावाचा फोल्डर करून त्यात टाका. तो फोल्डर दडलेला असतो, कंट्रोल आणि एच दाबल्यावर दिसतो.

एकाच कागदावर दोन लिप्या असल्या की रायटर दोन्हींना एकच फॉन्ट देतं. मुक्तात गुजराती अक्षरं नाहीत, म्हणून गुजराती भागाला ते मनानं दुसराच फॉन्ट लावतं आणि पत्रक उसनवारीचं दिसतं. उपाय असा: परिच्छेदाच्या दोन स्टाइल करा. एकीचं नाव ‘पत्रक मराठी’, फॉन्ट मुक्ता, भाषा मराठी. दुसरी ‘पत्रक गुजराती’, फॉन्ट मुक्ता वाणी, भाषा गुजराती. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढच्या वर्षी फक्त तारखा बदलायच्या राहतात. काम झालं की एक्स्पोर्टमधून पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसून जातात, त्यामुळे रावपुऱ्यातल्या प्रेसवाल्याकडे मुक्ता नसला तरी बिघडत नाही. मूळ फाइल पाठवलीत तर तो त्याच्या संगणकावर उघडेल, अक्षरं सरकतील आणि मग ‘काका, तुमच्या लिनक्समध्येच गडबड आहे’ हे ऐकून घ्यावं लागेल.

आता बसवा

वायफाय, प्रिंटर, टायपिंग, पत्रक, सगळं मनासारखं झालं? मग तो आयकॉन दाबा. भाषा इंग्रजी ठेवा. मराठी मेनूही मिळतात, पण अडचण आली की उत्तरं इंग्रजी मेनूच्या नावांनीच सापडतात. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत खूण करा. पुढे एरेज डिस्क म्हणजे विंडोज कायमचं गेलं, अलाँगसाइड म्हणजे दोन्ही शेजारी शेजारी. नवी एसएसडी घातली असेल तर विचार करायचं कारणच नाही, एरेज. गाव म्हणून कोलकाता दिसेल, भारताचा टाइम झोन त्याच नावानं आहे.

बसवून झाल्यावर लँग्वेजेसच्या सेटिंगमध्ये प्रदेश इंग्रजी, भारत असा आहे ना ते बघा. तिथे अमेरिका राहिलं तर कागदाचा आकार ए-४ ऐवजी लेटर धरला जातो आणि छापताना खालची ओळ तुटते. दोष प्रिंटरच्या माथी जातो.

फॉन्ट आणि लेआउट पुन्हा एकदा बसवा, कारण पेनड्राइव्हवर केलेलं टिकत नाही. मग टाइमशिफ्ट उघडून सिस्टिमचा पहिला स्नॅपशॉट घ्या. काही बिघडलं तर त्या दिवसावर परत जाता येतं. पण टाइमशिफ्ट तुमच्या फोटोंची नि पत्रांची प्रत घेत नाही, ते फक्त सिस्टिम सांभाळतं. त्यांचा बॅकअप वेगळा. खालच्या पट्टीवर ढालीचं चिन्ह दिसेल, तो अपडेट मॅनेजर. आठवड्यातून एकदा त्याला चालवा.

जुन्या फायलींचं काय

श्रीलिपीच्या काळातली फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडते, पण मजकूर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतो. त्या फॉन्टमध्ये ‘क’ हे अक्षर क म्हणून साठवलेलंच नसतं. इंग्रजीच्या जागांवर मराठी चित्रं काढलेली असतात. आधी काढून ठेवलेला फॉन्ट बसवा, मजकूर निवडा आणि तो फॉन्ट द्या. इथे गंमत अशी की लिब्रेऑफिसच्या लेखी हा मजकूर इंग्रजी आहे, म्हणून फॉन्ट वेस्टर्नच्या रकान्यात द्यायचा, कॉम्प्लेक्सच्या नाही. मराठी दिसायला लागली तरी लगेच टाइप करायला बसू नका. टूल्समध्ये जाऊन ऑटोकरेक्ट आधी बंद करा. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करण्याच्या त्याच्या सवयीमुळे भलतंच मराठी अक्षर उमटतं, आणि मृत्युपत्रासारख्या कागदात असं काही निसटलं तर निस्तरता पुरेवाट होते.

वाचण्यापुरतं एवढं पुरतं. मजकूर शोधता यावा, व्हॉट्सॲपवर पाठवता यावा असं वाटत असेल तर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या उपकरणांना कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, आणावा लागतो. तुमच्या फॉन्टसाठी तयार कन्व्हर्टर मिळाला तर सर्वांत बरं. पण या फॉन्टांच्या इतक्या पिढ्या झाल्या आहेत की कन्व्हर्टर एका पिढीचा आणि फाइल दुसऱ्या पिढीची असं बऱ्याचदा होतं. खाजगी कागद असतील तर ते कुठल्याही अनोळखी साइटवर चिकटवू नका.

त्याला पर्याय ओसीआरचा, म्हणजे पानाच्या चित्रावरून अक्षरं ओळखून घेण्याचा. जुन्या फॉन्टसह फाइलची पीडीएफ करायची. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून जीइमेजरीडर बसवायचं, सोबत टेसरॅक्टचे मराठी आणि गुजराती भाषासंच. टेसरॅक्ट हे मुळात एचपीच्या प्रयोगशाळेत बनलेलं, २००५ मध्ये मुक्त झालेलं ओसीआर आहे, आणि हे सगळं तुमच्याच लॅपटॉपवर चालतं, कागद बाहेर जात नाही. पीडीएफ उघडून रेझोल्यूशन ३०० ठेवा, भाषा निवडा आणि ओळखायला सांगा. फाइल हरवलेली असेल आणि फक्त छापील कागद उरला असेल तरी हीच पद्धत, फक्त आधी स्कॅन करायचं. निघालेल्या मजकुरात अनुस्वार, रफार आणि घ-ध, भ-म या जोड्या डोळ्यांत तेल घालून तपासा. आकडे तर मूळ कागदाशी एकेक करून ताडून बघा. एकाच ओळीत मराठी आणि गुजराती मिसळलेली असेल तर तेवढा भाग चौकटीत धरून त्या त्या भाषेत वेगळा ओळखून घ्या.

मजकूर पान-दोन पानांचाच असेल तर यातलं काही करू नका. फोनवर जीबोर्डचा मराठी माइक चालू करा, कागद सावकाश मोठ्यानं वाचा, उमटलेला मजकूर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा आणि लॅपटॉपवर ब्राउझरमधून उचलून रायटरमध्ये टाका. विरामचिन्हं तेवढी हातानं द्यावी लागतात. घरात कोणी मोठ्यानं वाचायला तयार असेल, तर कन्व्हर्टर शोधत बसण्यापेक्षा हे लवकर आटोपतं.